सीझन संपेपर्यंत भात बंद

मी भात सोडला तो डिसेंबरातल्या एका रविवारी, आणि कुणाला न सांगता सोडला. म्हणजे एका भावाला सोडून कुणालाच नाही.

कोकणातल्या बाईने भात सोडणं म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांना सांगायला नको आणि ज्यांना कळत नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आमचे हे दुसऱ्या गटातले. अकोल्याकडचे, पोळीवाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी भात त्यांच्या ताटात सगळ्यात शेवटी, दोन चमचे, तोही माझं मन राखायला. मी मात्र सकाळी पेज, दुपारी भात आणि रात्री भात अशी वाढलेली. ग्लासगोला आलो तेव्हा सामानात चार साड्या कमी घेतल्या होत्या, पण दहा किलो तांदूळ घेतला होता. विमानतळावरच्या माणसाने पिशवी उघडून बघितली आणि तशीच परत बांधली होती.

भात सोडायचं कारण स्कीइंग. हसायचं असेल तर हसा, मला त्या वेळी अजिबात हसू येत नव्हतं.

हे हाडांचे सर्जन. वीस-बावीस वर्षं दर हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर स्कीइंगवाल्यांची मोडकी हाडं यायची. कुणाचा गुडघा, कुणाची नडगी, कुणाचा खांदा. एक दंतवैद्य होता, त्याचं मनगट असं काही मोडलं की ह्यांनी दोनदा ऑपरेशन केलं तरी त्याने पुन्हा कुणाच्या दातात ड्रिल घातलं नाही. ही गोष्ट हे स्वतः सांगायचे, आणि सांगून झाल्यावर ठरलेलं वाक्य टाकायचे, "शहाणा माणूस डोंगरावरून चालत उतरतो."

त्या हिवाळ्यात शहाणपण कुठे गेलं कुणास ठाऊक. एका बाईचा गुडघा ह्यांनी नीट केला होता, ती निघाली स्कीइंग शिकवणारी. तासाभराच्या अंतरावर नाही, दोन तासांवर डोंगर, तिथे तिची शाळा. एकदा या, मी शिकवते, म्हणाली. हे म्हणाले, जाऊन येतो एकदा, तिचं मन मोडायला नको. गेले. संध्याकाळी आले ते नाक लाल, कान लाल, आणि चेहरा असा की मुलगा झाला तेव्हासुद्धा मी एवढा आनंद त्या चेहऱ्यावर बघितला नव्हता. पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्या रविवारी भगव्या रंगाचं जॅकेट विकत घेऊन आले. वय वर्षं अठ्ठावन्न.

मी बोलले. बोलले म्हणजे चांगली तासभर बोलले. तुमचं मनगट म्हणजे तुमचं पोट आहे, म्हटलं. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आणि आता घसरगुंडी खेळायची अवदसा आठवली. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की जाड मोजे कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत. कार्डिफला मुलाला फोन केला, म्हटलं तू तरी सांग. तर तो म्हणाला, "आई, बाबा खूश आहे ना, लेट हिम बी." बापाचा मुलगा.

मग माझ्याकडे दुसरं काय होतं? आमच्या गावची देवी होती. फ्रीजवर देव्हारा मांडलेला होता, त्यात तिचा फोटो होता. त्या रविवारी हे गाडी घेऊन निघाले आणि मी ओल्या केसांनी तिच्यापुढे उभी राहिले. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तसं घातलं. म्हटलं, ह्यांचा हा सीझन संपेपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही, ह्यांना दोन हात, दोन पाय आणि एक डोकं, जसंच्या तसं घरी आण. गाऱ्हाण्याला मागून 'होय महाराजा' म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. देवळात नारळ ठेवायला माणूस हवा म्हणून गावी दादाला फोन केला, आणि त्याला बजावलं की ह्यांना कळता कामा नये. ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, उगाच चार माणसांत माझी फिरकी घेतली असती.

घरी सांगितलं की शुगर बॉर्डरलाइनला आलीय, भात बंद. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे रिपोर्ट माझाच आणि शब्दही माझाच. हे डॉक्टर असून एकदाही म्हणाले नाहीत की बघू कागद. मला वाटलं, हाडांवाल्यांना हाडांपलीकडे काही दिसत नाही.

पहिले आठ दिवस बरे गेले. नंतर मला स्वप्नात भात दिसायला लागला. साधा, वाफ निघणारा, त्यावर तुपाचा गोळा. रोज पोळ्या लाटायच्या आणि कुळथाच्या पिठल्याबरोबर पोळी खायची, आता ही काय खायची रीत झाली? त्यात हे मिटक्या मारत म्हणायचे, हल्ली पोळ्या फार छान होतात तुझ्या. मी ताटाकडे बघत बसायची.

रविवार मात्र काढवत नसे. हे सकाळी सहाला निघायचे. दिवसभर मला डोळ्यांपुढे कडा दिसायचा, आणि कड्यावरून भगवं जॅकेट खाली येताना दिसायचं. फोन वाजला की मी दचकायची. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी धावत दारात. ह्यांना ते माहीत झालं होतं, म्हणून आत पाऊल टाकायच्या आधी दोन्ही हात वर करून मनगटं फिरवून दाखवायचे, बांगड्या भरून आलेल्या नव्या नवरीसारखे. मी रागाने तोंड फिरवायची आणि आत जाऊन देवीपुढे हात जोडायची. जेवताना विचारलं, कुठवर गेला होतात, तर म्हणायचे, आज मजा आली, वारा फार होता. आणि पोळी मोडायला लागायचे.

त्या डोंगराची एक टेलिफोन लाइन होती. नंबर फिरवला की एक म्हातारासा आवाज त्या दिवसाचा बर्फ किती, लिफ्ट कुठल्या चालू, हे सांगायचा. मी रोज लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत तो नंबर फिरवायची. अख्ख्या स्कॉटलंडात त्या आवाजाने 'बर्फ वितळतोय' म्हटल्यावर खूश होणारी मी एकटीच असेन. एकदा फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस लागला तेव्हा मी सगळ्यांसाठी केक नेला. वाढदिवस आहे का, विचारलं. म्हटलं, असंच.

पण बर्फ काही हटेना. मार्च संपला, सीझन संपायची तारीख सांगितली, आणि दोन दिवस आधी रात्रीत फूटभर बर्फ पडला. तारीख आठवड्याने पुढे गेली. तो आठवडा संपत आला तशी आणखी एका आठवड्याने गेली. त्याच काळात आमच्या मंडळाचा गुढीपाडवा होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं तोच मसालेभाताचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. वाढणारी बाई डाव घेऊन पुढे, मी ताटावर हात धरून बसलेली. ती म्हणाली, अगं तू आणि भात नको? बरं नाही का? शेजारी हे जेवत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिला सांगितलं, तिला आग्रह नको करू, शुगर आहे. मी मनात म्हटलं, चांगलं आहे, विश्वास ठेवलाय.

शेवटी एप्रिलच्या मध्यावरचा तो रविवार आला. म्हाताऱ्या आवाजाने स्पष्ट सांगितलं की हा शेवटचा दिवस, आणि सगळ्यांनी सोंगं घेऊन या, कारण शेवटच्या दिवशी तिथे तशी रीत आहे. मी म्हटलं, मी येणार. ह्यांना आश्चर्य वाटलं. तोपर्यंत मी एकदाही गेले नव्हते. पण मला ती लिफ्ट बंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पहाटे उठून कुकर लावला. मऊ भात, साधं वरण, तूप, मीठ, वर लिंबाची फोड. स्टीलच्या डब्यात भरून, टॉवेलात गुंडाळून, माझ्या पायाशी ठेवला. ह्यांनी विचारलं काय आहे, म्हटलं पोळी-भाजी.

डोंगर बघून माझी निराशाच झाली. सगळा तपकिरी, मधूनमधून पांढरे पट्टे, कुणीतरी चुना सांडल्यासारखे. ह्याच्यासाठी मी चार महिने उपाशी? वरचा अर्धा भाग ढगात होता, वारा सुटला होता, आणि वरची लिफ्ट सकाळपासून बंद होती. खालची चालू होती. पायथ्याशी मात्र जत्रा. बर्फ खणून पाण्याचं एक लांबलचक डबकं केलं होतं, आणि लोक वरून वेगाने येऊन त्या पाण्यावरून घसरत पलीकडे जायचा प्रयत्न करत होते. कुणी केळं झालं होतं, कुणी शिंगांचा टोप घातलेला दर्यावर्दी, एक धिप्पाड बाई गाय झाली होती. बहुतेक सगळे पाण्यात पडत होते, आणि बघणारे आनंदाने ओरडत होते. शहाणीसुरती, नोकरीधंद्याची माणसं ही. मला ह्यांची शिकवणारी बाईही भेटली, जांभळ्या टोपीची. तिने मला मिठी मारली आणि तुमचा नवरा फार काळजीपूर्वक करतो हो, म्हणाली. मला ते शिकवणीच्या बाईचं नेहमीचं गोड बोलणं वाटलं.

बाराच्या सुमाराला खालची लिफ्टही थांबली. हे स्कीज काढून सूप प्यायला गेले. मी कॅफेच्या काउंटरवरच्या बाईला विचारलं, आता परत चालू होणार का? तिने कपबश्या उचलता उचलता ढगाकडे बघितलं आणि म्हणाली, "दॅट्स अस, हेन." संपलं बाई या वर्षीचं.

मी जवळजवळ पळतच कार पार्कमध्ये आले. गाडीत बसले, दार लावलं, टॉवेल सोडला. भात अजून कोमट होता. आधी देवीला हात जोडले, मग बोटांनी कालवला, वर लिंबू पिळलं आणि पहिला घास घेतला. खरं सांगते, मी रडले. चार महिन्यांची धास्ती एकदम अंगातून उतरली. खांदे खाली आले तेव्हा कळलं की इतके दिवस ते वर होते. दुसरा घास, तिसरा घास, चौथा. माझा माणूस धडधाकट होता, सूप पीत होता, आणि सीझन संपला होता.

चौथा घास तोंडात असतानाच भोंगा वाजला. मागोमाग स्पीकरवरून कुणीतरी ओरडून सांगितलं की वारा पडलाय, वर ऊन पडलंय, वरची लिफ्ट तासभर सुरू करतोय, शेवटची एक फेरी ज्यांना हवी त्यांनी या. मी काचेतून बघितलं. खरंच ढग फाटला होता आणि डोंगराचं पार वरचं टोक दिसत होतं. माझा हात डब्यातच राहिला. देवीला दिलेला शब्द मी मोडला होता. एक तास आधी मोडला होता. चार महिने धीर धरला आणि शेवटी उतावळ्या मेलीने कपबश्या गोळा करणाऱ्या बाईच्या शब्दावर नवस सोडला.

तेवढ्यात हे आले. ते जड बूट खडखड वाजवत, भगव्या जॅकेटात, पळायचा प्रयत्न करत. चेहरा परत तसाच, पहिल्या दिवसासारखा. दार उघडून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर डब्यावर गेली. मग माझ्या हाताकडे.

"खाल्लास?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग गाडीच्या दारात टेकले आणि बुटांची बक्कलं सोडायला लागले. "चल मग. झाला आपला सीझन."

नंतर एकेक लक्षात यायला लागलं. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, दादाने. जानेवारीत संक्रांतीचा फोन केला होता तेव्हाच. आमच्या दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि नेमका तिळगुळाच्या दिवशी भिजला नाही. मग ह्यांनी मान खाली घालून, बक्कलाशी खेळत, बाकीचं सांगितलं. वरच्या लिफ्टमध्ये हे आधी कधी बसलेच नव्हते, आणि दादाचा फोन झाल्यापासून तिकडे फिरकलेही नव्हते. उरलेला सगळा हिवाळा खालच्याच उतारावर, शाळेतल्या पोरांच्या रांगेत, वर-खाली, वर-खाली. तिथून पडायचं म्हटलं तरी काही मोडत नाही, म्हणाले.

"तुझा भात बंद आहे म्हटल्यावर वर जायचा धीरच होईना गं. आज म्हटलं शेवटचा दिवस आहे, एकदा वरून बघून येऊ."

आधी मला संताप आला. चार महिने मी डोळ्यांपुढे तो कडा बघत होते, फोनला दचकत होते, आणि हा गृहस्थ बालवाडीत. म्हटलं, मग बोलायला काय झालं होतं? भात तरी खाल्ला असता. ते म्हणाले, देवाधर्माच्या गोष्टीत मी कसा बोलणार, तू म्हणाली असतीस ह्यांचा विश्वास नाही. हे मात्र खरं होतं, मी तसंच म्हटलं असतं. आणि मग तो संताप गेला तो गेलाच. ज्याचा माझ्या देवीवर काडीचा विश्वास नाही, तो माणूस माझ्या भातासाठी तीन महिने पोरांच्या रांगेत उभा राहिला होता. आणि आता मी चार घास खाल्ले म्हणून बूट काढत होता.

मी डोंगराकडे बघितलं. वरच्या टोकावर ऊन होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण मी डब्याचं झाकण लावलं आणि जोरात दाबलं.

"बक्कलं लावा," म्हटलं. "चारच घास झालेत. बाकीचा डबा तुम्ही खाली आल्यावर. तोवर नवस चालू आहे."

त्यांनी वर बघितलं. नक्की, असं विचारलं. म्हटलं, आता विचारत बसलात तर लिफ्ट बंद होईल. ते गेले. जाताना जांभळ्या टोपीवालीला हाक मारली आणि ती बरोबर गेली, तेवढाच मला आधार.

मी डबा पोटाशी धरून डबक्याच्या काठाला उभी राहिले. गाय झालेल्या बाईने विचारलं, कुणी वर आहे का तुझं? म्हटलं, नवरा, पहिल्यांदाच गेलाय. तिने तिचा तो केसाळ हात माझ्या खांद्यावर टाकला आणि तशीच उभी राहिली. मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, आई, चूक माझी आहे, घाई मी केली, त्यांना काही करू नकोस. त्यांनी तर माझ्यापेक्षा जास्त पाळलं. आणि स्वतःच हळू आवाजात 'होय महाराजा' म्हटलं. गायीला वाटलं मी तिच्याशी बोलतेय, ती 'आय, आय' म्हणाली, म्हणजे तिकडच्या भाषेत हो, हो.

वीसेक मिनिटांनी वरच्या पांढऱ्या पट्ट्यावर भगवा ठिपका दिसला. जांभळा त्याच्या मागे. बाकीचे सगळे सरळ रेषेत सूंसूं करत उतरत होते, आणि आमचे हे मोठमोठे टाके घातल्यासारखे, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मध्ये एकदा थांबले. मी डबा आणखी घट्ट धरला. पण ते नुसते उभे राहून बघत होते, आजूबाजूला, बराच वेळ. मग परत निघाले. शेवटी पायथ्याशी आले तेव्हा सगळे ओरडायला लागले, कारण शेवटच्या फेरीतल्याने डबक्यातूनच यायचं अशी तिथली रीत. ह्यांना ते माहीत होतं की थांबता आलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते सरळ पाण्यात शिरले, निम्म्यात गेले आणि शांतपणे आडवे झाले.

क्षणभर फक्त पाणी उडालेलं दिसलं. मी पुढे धावले, गायीने मला मागे धरलं. मग हे कमरेइतक्या बर्फाच्या पाण्यात उठून बसले, टोपी गेलेली, टकलावरून पाणी ओघळतंय. त्यांनी गर्दीत मला शोधलं, दोन्ही हात वर केले आणि मनगटं फिरवून दाखवली.

त्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही. मी इतकी हसले की डबा सांभाळता येईना, तो गायीने धरला. आजूबाजूच्या लोकांना वाटलं हीसुद्धा काहीतरी रीत असेल, त्यांनीही हात वर करून मनगटं फिरवली. केळ्याने फिरवली, दर्यावर्द्याने फिरवली.

नंतर गाडीत हीटर पुरा लावून, टॉवेल त्यांच्या अंगावर टाकून, मी डबा उघडला. भात गार झाला होता आणि तूप थिजलं होतं. मी पाचवा घास घेतला, मग सहावा. हे दात वाजवत माझ्याकडे बघत होते. वरून काय दिसलं, विचारलं. म्हणाले, समुद्र. तुझ्या गावच्यासारखा नाही, पण समुद्र. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय, पण त्यांना भात हवा होता. अकोल्याच्या माणसाने त्या दिवशी गारढोण भात बोटांनी निपटून खाल्ला, निम्म्याहून जास्त डबा त्यांनीच संपवला, आणि चार महिन्यांची उपाशी मी त्यांना एका शब्दानेही अडवलं नाही.